किड्यांचें भय

मृग नक्षत्र लागून पहिला पाऊस पडला, कीं यवतमाळ जिल्ह्यांत तेलंगणाच्या सीमेजवळ असलेल्या मुकुटबनच्या काळ्या शिवारांत लाल मखमलीचे ठिपके चालूं लागतात. हा मृगाचा किडा. मुलें त्याला कौतुकानें तळहातावर घेतात. मोठ्यांनाहि तो दिसला कीं बरें वाटतें, कारण पेरणीचे दिवस आलेले असतात. त्याच संध्याकाळीं मोरींतून एखादें झुरळ उडालें, कीं तींच माणसें किंचाळून बाजूस होतात! मृगाचा किडा तर आठ पायांचा, कोळ्याच्या गोत्रांतला. तेव्हां श्रोतेहो, हें भय किड्याच्या रूपांत थोडें, आणि लहानपणीं आपण मोठ्यांच्या चेहऱ्यावर जें पाहिलें त्यांत पुष्कळ असतें.

भय आणि धोका यांची जोडी नेहमीं जमतेच असें नाहीं. डासाला पाहून कोणी पलंगावर चढत नाहीं. परंतु याच तेलंगणांतील सिकंदराबादेस १८९७ च्या ऑगस्टांत रोनाल्ड रॉस यांना हिंवतापाचे जंतु डासाच्याच पोटांत सांपडले. गांधीलमाशीची धास्ती मात्र अगदींच खोटी नव्हे. दंशानंतर सर्वांगावर गांधी उठून श्वास कोंडूं लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.

झुरळ दिसतांच आपण पळतों. पळाल्यानें धडधड थांबते आणि मन समजतें, पळालों म्हणूनच वांचलों. असें दर खेपेस भय पोसलें जातें. अमेरिकेंत मेरी कव्हर जोन्स या विदुषींनीं १९२४ सालीं सशाला भिणाऱ्या पीटर नांवाच्या बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचा खाऊ खात असतां पिंजऱ्यांतला ससा दूर ठेवीत व हळूहळू जवळ आणीत. शेवटीं तो सशाला कुरवाळूं लागला. घरींहि हेंच करावें. प्रथम किड्याचें चित्र, मग झांकण लावलेल्या बरणींतला किडा, पुढें तीच बरणी हातांत. प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबावें. ‘एकदां अंगावर टाका, म्हणजे भीति मोडेल’ ही थट्टा मात्र क्रूर आहे. तिनें भीति वाढण्याचाच संभव अधिक. भयामुळें झोंप वा काम अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यांत संकोच नसावा.

भयाच्या भरांत आपण विषाकडे धांवतों, ही त्याहून गंभीर गोष्ट. २०१७ च्या हंगामांत याच यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. त्यांची चिंता पोटाची होती, आपल्यासारखी किळसेची नव्हे. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आंत शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोंचतच नाहीं. म्हणून शेतांत कामगंध सापळे लावून पतंग मोजतात, आणि लागोपाठ तीन रात्रीं दर सापळ्यांत आठ आठ सांपडले तरच औषधाचा विचार करतात. मोजणाऱ्या माणसाचा हात उगाच पंपाकडे जात नाहीं.

आपण मात्र एका झुरळासाठीं बंद खोलींत, पाळण्याशेजारीं, फवारा मारतों! झुरळाला हवें असतें पाणी, खरकटें आणि फट. रात्रीं मोरी कोरडी करावी, भांडीं घांसून ठेवावींत, ओट्यामागच्या फटी बुजवाव्यात. आणि आठवडाभर रोज किती दिसलीं, तें भिंतीवरच्या पंचांगांत टिपून ठेवावें.