टोपी दिसली, चेहरा नाही

मागच्या गल्लीत घरफोडी झाली. पोलीस फुटेज बघायला आले, मीही ऐटीत डीव्हीआर उघडला. पहाटे 2.40 ला फाटकासमोरून एक टोपी गेली. चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा. वर घड्याळ 17 मिनिटं मागे!

मग दोन रविवार शिडीवर गेले. दुकानदार मेगापिक्सेल विकतो, पण खरी गंमत लेन्समध्ये असते. अनोळखी माणूस ओळखू यायला दर मीटरला साधारण 250 पिक्सेल लागतात. 2 मेगापिक्सेल चित्राची रुंदी 1920 पिक्सेल, म्हणजे जेमतेम पावणेआठ मीटरची चौकट. घरोघरी असते ती 2.8 मिमीची लेन्स तीन मीटरवरच एवढं रुंद बघते. त्यापुढे माणूस दिसतो, पण कोण ते कळत नाही. फाटकासाठी मी 6 मिमीची लेन्स घेतली आणि कॅमेरा गच्चीच्या कठड्यावरून आठ फुटांवर आणला. वरून टोप्याच दिसतात.

पांढरा गोळा म्हणजे कोळ्याचं जाळं. इन्फ्रारेडचा उजेड त्यावर आपटून परत येत होता. झाडू फिरवला, काम फुकटात.

टीव्हीखालचा डीव्हीआर माळ्यावर हलवला, कारण चोर आधी तोच उचलतो. लाइट जाते म्हणून यूपीएस जोडला. 4 एमबीपीएसला एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी खातो; चार कॅमेऱ्यांना 1 टीबी आठवडाभरही पुरत नाही.

आज एवढंच करा: डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा आणि काल रात्रीचं फुटेज एकदा उघडा.