षटकारांच्या हिशेबात देशपांडेवर अन्याय

आयपीएलच्या जेद्दातल्या लिलावात राजस्थान रॉयल्सने तुषार देशपांडेसाठी साडेसहा कोटी मोजले आणि जुना आक्षेप पुन्हा वर आला: षटकामागे दहा धावा देणाऱ्या गोलंदाजावर एवढा पैसा कशाला? आक्षेपामागचा आकडा खरा आहे. २०२३ च्या आयपीएलमध्ये कल्याणच्या या गोलंदाजाने चेन्नईकडून ५६.५ षटकांत ५६४ धावा दिल्या, म्हणजे षटकामागे ९.९२. स्पर्धेची सरासरी त्या वर्षी नऊच्या आसपास होती. पण त्या सरासरीत मधल्या षटकांत, सीमेवर पाच जण ठेवून गोलंदाजी करणारे फिरकीपटूही असतात. देशपांडेच्या वाट्याला मुख्यतः पॉवरप्ले आणि डावाचा शेवट येतो. अखेरच्या चार षटकांत बहुतेकांची धावगती दहाच्या वर जाते. तिथे राबणाऱ्याला सगळ्या स्पर्धेच्या सरासरीने मोजणं मला चुकीचंच वाटतं.

दुसरी अडचण नमुन्याच्या आकाराची. ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादेत अंबाती रायुडूच्या जागी उतरून देशपांडे आयपीएलचा पहिला इम्पॅक्ट प्लेअर ठरला आणि ३.२ षटकांत ५१ धावा देऊन बसला. तो एक सामना वगळला तर उरलेल्या हंगामाचा दर ९.५९ वर येतो. ज्या मापात एका संध्याकाळने एवढा फरक पडतो, त्यावर माणसाची किंमत ठरवायची? पुढच्याच वर्षी स्पर्धेची सरासरी साडेनऊच्या वर गेली, षटकार ११२४ वरून १२६० झाले, आणि देशपांडेचा दर मात्र ८.८३ वर उतरला. एका वर्षात तो सरासरीपेक्षा वाईटाचा चांगला झाला. यात मेहनत आहेच, पण सगळा बदल मेहनतीच्या खात्यावर टाकता येणार नाही.

बेसबॉलवाल्यांनी हा गुंता आधीच सोडवायला घेतला आहे. सामन्याच्या उत्तरार्धात येणारा बदली पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज, हंगामात साठ-सत्तर इनिंग्जच टाकतो, त्यामुळे त्याने दिलेले होमरन, म्हणजे तिथले षटकार, चार-पाचने वाढले तरी दर भयंकर दिसतो. हवेत उंच गेलेल्या चेंडूंपैकी किती कुंपणापार पडतात, हे प्रमाण एकाच पिचरच्या बाबतीत दरवर्षी हेलकावे खातं. वारा, मैदान आणि बॅटचा इंचभर फरक त्यात मिसळलेला असतो. म्हणून तिथल्या एका प्रचलित मापात पिचरने दिलेले प्रत्यक्ष होमरन बाजूला ठेवतात. त्याने किती चेंडू उंच मारू दिले ते मोजतात आणि त्यावर लीगचं सरासरी प्रमाण लावतात. सीमारेषेवर झेल झाला की शाबासकी आणि तोच फटका दोन हात पुढे पडला की शिव्या, ही आपली रीत त्यापुढे फारच भाबडी आहे. अमळनेर-चोपड्याकडच्या टेनिस बॉलच्या सामन्यांतही स्कोअरबुकात षटकार दिसतो, पण सीमेवरचा झेल किती थोडक्यात सापडला हे कुठेच उतरत नाही.

नुसती षटकारांची संख्या किती फसवते, हे २०२२ च्या बंगळूर संघाने दाखवलं. मोहम्मद सिराजला त्या हंगामात ३१ षटकार बसले, वानिंदू हसरंगाला ३०. पण सिराजला मिळाले ९ बळी आणि हसरंगाला २६. षटकामागे एकाने १०.०७ धावा दिल्या, दुसऱ्याने ७.५४. लेगस्पिनर फलंदाजाला उंच मारायला भाग पाडतो, त्यातले काही फटके बाहेर जायचेच.

यावर बिनतोड वाटणारा प्रश्न एकच: मग बुमराहचं काय? तोही तीच षटकं टाकतो आणि २०२४ मध्ये त्याने षटकामागे ६.४८ धावाच दिल्या. बरोबर आहे, आणि बुमराह थोर आहे हे मान्यच. पण त्याची थोरवी एका हंगामाच्या आकड्यावर उभी नाही. २०२० मध्ये ६.७३, २०२१ मध्ये ७.४५, २०२२ मध्ये ७.१८ अशी ती वर्षानुवर्षं टिकलेली आहे. लिलावाच्या वेळी देशपांडेच्या नावावर पूर्ण खेळलेले असे दोनच हंगाम होते, त्या दोन हंगामांत ३८ बळी होते, आणि राजस्थानने पैसे लावले ते या बळींवर.