दुर्मीळ इंजिनाला बदललेला डिस्ट्रिब्युटर
साब ९६ या स्वीडिश गाडीत १९६७च्या मॉडेलपासून फोर्डचे १४९८ सीसीचे व्ही-४ इंजिन आले. अशा इंजिनात स्पार्क प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर दुसरा आणून नुसता बसवला म्हणजे काम झाले, असे नाही. फिरण्याची दिशा, गिअर आणि शाफ्टची लांबी तर जुळायला हवीच. पण खरा प्रश्न वेग वाढताना ठिणगी किती आधी पडते हा आहे. ते डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजने आणि स्प्रिंगा ठरवतात. ठिणगी फार लवकर पडली तर नॉकिंग होऊन पिस्टनलाही इजा होते. ‘इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावले की पुरे’ हे म्हणणे अर्धेच खरे: साधे मॉड्यूल फक्त ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या पॉइंट्सची जागा घेते, झिजलेल्या स्प्रिंगा तशाच राहतात. गाडीच्या अस्सलपणाची काळजी असणाऱ्यांनी मूळ डिस्ट्रिब्युटर जपून ठेवावा. बदलानंतर टायमिंग लाइटने वेगवेगळ्या आरपीएमवर तपासणी कराच.