अठरा पूर्ण झाल्यावर

१९८६ साली देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा आला. त्याच्या लेखी मुलगी अठराव्या वर्षापर्यंत अल्पवयीन होती आणि मुलगा सोळाव्या. म्हणजे दहावीच्या निकालाच्या आसपासच बालगृहातला मुलगा कायद्याने मोठा होई. २००० च्या कायद्याने ही तफावत मिटवली आणि दोघांनाही अठरा केले. संस्थांमधून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी गेल्या चाळीस वर्षांत काय झाले याचा हिशेब मांडायला बसले की बहुतेक नोंदी अशाच निघतात. वय थोडे पुढे सरकले, रक्कम थोडी वाढली. फाटकाबाहेर पडल्यावर जायचे कोणाकडे, हे मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर राहिले.

निराधार मुलांना आसरा देण्यात महाराष्ट्र कधी मागे नव्हता. पुण्यात फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ चा. फुले दांपत्याने त्या गृहात जन्मलेला यशवंत दत्तक घेतला, त्याला शिकवून डॉक्टर केले, त्याचे लग्न लावून दिले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई गेल्या त्या त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना. पण यशवंताला जे मिळाले ते एका घराने एका मुलाला दिलेले होते. पुढे संस्था वाढल्या, मुले शेकड्यांनी सांभाळली जाऊ लागली आणि मोठ्या झालेल्या मुलांचे काय, याला ठरीव उत्तरे तयार झाली. मुलांसाठी सुतारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी. मुलींसाठी लग्न. स्थळ आणायचे संस्थेने, चौकशी करायची संस्थेने, कन्यादानही गावातल्या एखाद्या प्रतिष्ठिताच्या हस्ते. त्यात काही संसार उत्तम झाले, हे नाकारता येत नाही. पण मुलीला आधी नोकरी करायची आहे का, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

सरकारी भाषेत संस्थेबाहेर पडल्यानंतरच्या या टप्प्याला अनुरक्षण म्हणतात. २००० च्या कायद्यात ते विसाव्या वर्षापर्यंत होते, २०१५ च्या कायद्याने एकविसाव्यापर्यंत नेले, आणि अपवाद म्हणून नियमांनी आणखी दोन वर्षे दिली. २०१५ च्या कायद्याच्या ४६ व्या कलमात अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदतीची तरतूद आहे, पण सक्ती नाही. मदत देता येईल, इतकेच. एकात्मिक बाल संरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा २००० रुपये धरलेले होते, २०२२ च्या मिशन वात्सल्यमध्ये ते ४००० झाले. पुण्यात किंवा ठाण्यात कॉटबेसिसवर राहणाऱ्याला विचारा, चार हजारांत कॉट आणि मेस मिळून महिना निघतो का.

खरी अडचण नुसत्या पैशाची नाही. संस्थेत वाढलेल्या मुलाने दीडशे ताटांचा भात होताना पाहिलेला असतो, एका माणसाला तांदूळ किती लागतात हे त्याला ठाऊक नसते. घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, रांगेत चहा. भाजी आणायला तो कधी एकटा गेलेला नसतो. अशा मुलाला कायदा एका वाढदिवशी सज्ञान ठरवतो. मग खोली बघायला जावे तर मालक विचारतो, मूळ गाव कोणते, घरी कोण कोण असते. भाडेकराराला साक्षीदार लागतात, शैक्षणिक कर्जाला बँक सहकर्जदार मागते, रेशनकार्डाला कुटुंबप्रमुख लागतो. आपल्याकडे वीस-बावीस वर्षांच्या पोराची अर्धी कामे काका-मामांच्या ओळखीने होतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ज्याला मामाच नाही त्याने काय करायचे, याचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

हा प्रश्न चर्चेत आला तो एका अर्जामुळेच. गोव्याच्या संस्थेत वाढलेली अमृता करवंदे अठराव्या वर्षी बाहेर पडून पुण्यात आली होती. पुढे शिकून तिने राज्यसेवेची परीक्षा दिली. गुण पुरेसे होते, पण महिला आरक्षणासाठी तेव्हा लागणारे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र नव्हते. ते निघते पालकांच्या उत्पन्नावर. पालकच माहीत नसलेल्या मुलीचे उत्पन्न शून्य धरावे, इतके साधे उत्तर यंत्रणेकडे नव्हते. तिच्या पाठपुराव्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनाथांना खुल्या प्रवर्गात एक टक्का समांतर आरक्षण दिले. देशात असे पाऊल महाराष्ट्राने आधी टाकले, याचे श्रेय द्यायलाच हवे.

मात्र अंमलबजावणीत दोन गोष्टी आडव्या आल्या. एक अंकगणिताची. पंचवीस-तीस जागांची जाहिरात निघाली की एक टक्क्याच्या वाट्याला काय येणार? दुसरी जास्त बोचरी. लाभ हवा तर आईवडील, नातेवाईक, जात यांपैकी कशाचाच पत्ता नाही, असे प्रमाणपत्र लागे. ज्याच्या फायलीत आईचे नाव कोणीतरी लिहून ठेवले होते, तो अडला. ऑगस्ट २०२१ मध्ये अ, ब, क असे तीन प्रवर्ग करून ही चौकट सैल केली गेली, तेव्हा कुठे आईबाप गमावून नातेवाइकांकडे वाढलेली मुले तीत आली. २०२३ मध्ये संस्थात्मक आणि संस्थाबाह्य अशी नवी विभागणी झाली. पाच वर्षांत अनाथ कोणाला म्हणायचे हे सरकारने तीनदा ठरवले. दरम्यान वय उलटून गेलेल्यांची भरपाई कोण करणार?

मध्ये कोविड आला. ११ मार्च २०२० नंतर ज्यांचे दोन्ही पालक गेले, त्यांच्यासाठी केंद्राने पीएम केअर्समधून अठरा ते तेवीस वयात दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये जाहीर केले. राज्याने पाच लाखांची मुदत ठेव दिली. चांगलेच झाले. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली: तेविसाव्या वर्षापर्यंत आधार लागतो हे सरकारला कळत होते आणि मनात आणले तर तो देताही येत होता. एकाच बालगृहात शेजारी झोपणाऱ्या दोन मुलांपैकी साथीत पोरका झालेल्याला दहा लाख, आणि रेल्वे फलाटावर सापडलेल्याला, मंजुरी मिळालीच तर, महिना चार हजार.

या साऱ्या काळात अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर वेगळाच वाद घालत होते. त्यांच्याकडची १२३ मुले बहुतेक दिव्यांग. अठरा झाली म्हणून मतिमंद मुलीला कुठल्या तोंडाने बाहेर काढायचे, हा त्यांचा सवाल. त्यांनी काढले नाही. मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून स्वतःचे नाव लावले, लग्ने लावली, आणि अठरानंतरही संस्थेत राहता यावे असा कायदा करा, म्हणून सरकारदरबारी खेटे घातले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. सत्कार झाले, कायदा झाला नाही.

आता धोरणाचा रोख मुले संस्थेत न ठेवता कुटुंबात ठेवण्याकडे आहे, आणि ते योग्यच आहे. राज्याची बालसंगोपन योजना त्यासाठीच. तिला २०२३ मध्ये सावित्रीबाईंचे नाव मिळाले, मुलामागची रक्कम ११०० वरून २२५० रुपये झाली. ती अठराव्या वर्षी थांबते. आणि ४६ वे कलम आजही संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांपुरतेच बोलते. मावशीकडे, आजीकडे किंवा परक्या घरी वाढलेल्या मुलाला अनुरक्षण हवे असेल, तर अर्ज करायला त्याच्याकडे संस्थाही नाही.