कंपनीचा वकील आणि आपला सातबारा



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे वाडवडील सांगत आले. पण अपघाताच्या दाव्यात आपण पायरी चढायला जातच नाही. कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आपल्या ओट्यावर येतो. गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, नगर-मनमाड रस्ता असो की शेवगाव-नेवाशाकडचे आडरस्ते असोत, उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. रात्री-अपरात्री वाहतूक चालते. काळजी घेऊनही कधी तरी विपरीत घडते. पुढे काही महिन्यांनी समन्स येतो. त्यावर ट्रॅक्टरमालक सभासदाचे उत्तर ठरलेले असते, "विमा हाये ना! कंपनीचा वकील बघून घेईल."

हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिला आहे. कंपनीचा वकील बघून घेतो हे खरे. तो काय बघतो आणि कोणासाठी बघतो, हे मात्र आपण नीट समजून घेतले पाहिजे.

दावा कोठे व कोणावर?

रस्त्यावर मोटार वाहनाने कोणी जखमी झाला किंवा दगावला, तर त्याला किंवा त्याच्या वारसांना मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे भरपाई मागता येते. हे काम आपल्याकडे जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाचे न्यायाधीश पाहतात. मागणारा तो अर्जदार. वाहनाचा मालक, चालक व विमा कंपनी हे सामनेवाले. म्हणजे कागदावर मालक व कंपनी एकाच बाजूला बसलेले असतात. येथेच आपली पहिली फसगत होते.

२०१९ च्या दुरुस्तीने अर्ज करण्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरी ज्याला दावा करावयाचा आहे त्याने सहा महिने ही लक्ष्मणरेषाच समजावी. पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत प्राधिकरणाकडे द्यावयाचा असतो. तेव्हा "गावात बसून मिटवून टाकू" म्हणत पंचनामा टाळला, तर पुढे दोन्ही बाजूंचे नुकसान होते.

बचावाचा वकील काय करतो?

अर्जदाराच्या वकिलाला सहानुभूती मिळते आणि बचावाच्या वकिलाच्या वाट्याला शिव्या येतात. विधवा बाईची उलटतपासणी घेणारा माणूस कोणाला आवडेल? पण त्याच्या कामाचीही गरज आहे. उत्तर प्रदेशात अपघाताच्या खोट्या दाव्यांची तक्रार इतकी वाढली की २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या हुकमावरून विशेष तपास पथक नेमावे लागले. दावा पारखून घेणारा कोणी नसेल, तर ज्याची गाडी त्या रस्त्याने गेलीच नाही तोही गुंतायचा.

हा वकील फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दवाखान्याची बिले, चालकाचे लायसन, गाडीचे नोंदणीपुस्तक आणि पॉलिसी असा सगळा गठ्ठा पुढे घेऊन बसतो. त्यातून तो चार प्रश्न काढतो.

पहिला प्रश्न, अपघात याच वाहनाने झाला काय? फिर्यादीत नंबर पहिल्या दिवशी आला की महिन्याने, हे तो पाहतो.

दुसरा, चूक कोणाची? मोटारसायकलवाला उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला असेल, तर त्याचीही चूक होती असे वकील मांडतो. हे शाबीत झाले तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते. पण ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, चाकाखाली लावलेला दगड रस्त्यातच राहिला होता, असे पंचनाम्यात आले की त्याचा युक्तिवाद लंगडा पडतो.

तिसरा प्रश्न, रक्कम किती? मयताचे वय, कमाई व अवलंबून असणारी माणसे यांवरून हिशेब होतो. कमाईचा पुरावा काय, अपंगत्व खरोखर किती टक्के, यावर तो साक्षीदाराला विचारतो.

या तीन प्रश्नांपर्यंत मालक व कंपनी यांचे हित एक आहे. दावा पडला किंवा रक्कम कमी झाली तर दोघांचेही भले.

चौथ्या प्रश्नाला मात्र वाट फुटते. पॉलिसीच्या अटी मालकाने पाळल्या काय? हा प्रश्न कंपनीचा वकील अर्जदाराला विचारीत नाही, तुम्हाला विचारतो. अट मोडली हे त्याने शाबीत केले की कंपनी सुटते आणि बोजा मालकावर येतो. त्याचे वकीलपत्र कंपनीचे, फी कंपनीची. तेव्हा त्याने कंपनीचे हित पाहावे यात गैर काही नाही. गैर आहे ते आपण त्याला आपला समजून घरी बसणे.

चौथ्या प्रश्नाची पाळेमुळे

लायसन: कंपनीकडून सर्वांत आधी निघणारा मुद्दा हाच. ट्रॅक्टर चालविण्याचे लायसन असलेल्याने माल भरलेली ट्रॉली जोडली म्हणून ते निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी प्रकरणात सांगितले. पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन असलेला चालक ७,५०० किलोच्या आतील एकूण वजनाचे मालवाहू वाहनही वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. कायद्याच्या व्याख्येत रिकामे वजन तेवढ्याच्या आत असलेला ट्रॅक्टर हलक्या वाहनात मोडतो. म्हणजे वैध लायसनवाल्या चालकाच्या मालकाला आधार आहे. ज्याच्याकडे लायसनच नाही अशा पोराच्या हाती स्टेअरिंग देणाऱ्याला मात्र कोणता निकाल तारणार?

येथे मालकाच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की चालकाकडे लायसन नव्हते एवढे दाखवून कंपनीचे भागत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही हेही कंपनीनेच शाबीत करावयाचे. पण मी लायसन पाहिले, गाडी चालवून घेतली आणि मग त्याला कामावर ठेवले, हे मालकाखेरीज कोण सांगणार? मालक गैरहजर असला की ही गोष्ट कोर्टापुढे येतच नाही.

ट्रॉलीवरची माणसे: तोडणीची टोळी फडातून अड्ड्यावर परतताना रिकाम्या ट्रॉलीत बसते. बायाबापड्या, कडेवरची पोरे, भांडीकुंडी, सगळे. कोणी मडगार्डवर टेकतो. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज बसण्याची जागा नाही. २००७ साली ब्रिजमोहन प्रकरणात ट्रॅक्टर-ट्रॉलीवरचा मजूर पडून जखमी झाला होता. विमा फक्त शेतीकामाच्या ट्रॅक्टरचा होता, ट्रॉलीचा नव्हताच, आणि काम वीटभट्टीच्या मातीचे होते. सर्वोच्च न्यायालयाने कंपनी जबाबदार नाही असे ठरविले. मजूर गरीब, म्हणून कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला.

ट्रॉली व वापर: ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि पॉलिसीतही तिचा उल्लेख लागतो. "शेतीकामासाठी" असा विमा उतरवून दुसऱ्याचा ऊस भाड्याने ओढला, तर कंपनी हा मुद्दा हमखास काढते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि विमा एकीचाच, असे असेल तर तिच्या वकिलाचे काम आपणच सोपे करून ठेवले.

द्या आणि वसूल करा

ब्रिजमोहन प्रकरणात झाला तसा हुकूम न्यायालये इतरही दाव्यांत करतात. त्यात अर्जदाराला पैसे मिळतात, कंपनीचे परत येतात आणि मध्ये राहतो तो मालक. आकडा किती असतो हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, ट्रॉलीवरून पडून ३२ वर्षांचा तोडणी कामगार दगावला. कमाई महिना १०,००० रुपये धरली. मागे पत्नी, दोन मुले व आई. वर्षाचे १,२०,००० झाले. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतील अशा माणसाच्या कमाईत पुढील वाढीपोटी ४० टक्के मिळवितात, म्हणजे १,६८,०००. चार माणसे अवलंबून म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १,२६,०००. २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे ३१ ते ३५ वयाला १६ ने गुणावयाचे. उत्तर येते २०,१६,००० रुपये. अंत्यविधी वगैरेच्या रकमा व व्याज वेगळेच.

एवढी रक्कम कोणाच्या पेटीत पडून असते? कंपनीला ती वसूल करण्यासाठी नवा दावा लावावा लागत नाही. त्याच निवाड्यावर दरखास्त दाखल करता येते. आणि भरपाई थेट मालकावर बसून थकली, तर अर्जदाराच्या अर्जावरून प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देते व रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे प्रश्न सातबाऱ्यापर्यंत येतो. उसाचे बिल, ट्रॅक्टरचे कर्ज, मुलीचे लग्न असा सगळा हिशेब एका समन्सापाशी येऊन अडकतो.

उभी गाडीही गाडीच

"आमची ट्रॉली तर उभी होती, मग आमचा काय संबंध?" असेही विचारले जाते. याला सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळचे प्रकरण उत्तर देते. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तेथे राष्ट्रीय महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर उलटला. पेट्रोल वाहू लागले, माणसे जमली. सुमारे चार तासांनी स्फोट झाला आणि कित्येक जण भाजले, काही दगावले. एका मयताच्या वारसाने त्या वेळच्या कायद्याप्रमाणे चूक शाबीत न करता मिळणारी १५,००० रुपयांची भरपाई मागितली. बचाव असा की टँकर उलटून पडला होता, तो वापरात नव्हता. स्फोट ही वेगळीच घटना. साताऱ्याच्या प्राधिकरणाने अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाने तो मान्य केला व १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वाहन चालत नसले तरी त्याच्या वापरातून अपघात उद्भवू शकतो, हे त्यातून पक्के झाले. तेव्हा पंक्चर झालेली भरली ट्रॉली रात्री रस्त्यात सोडून जेवायला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आपण काय करावे?

१. समन्स आला की घडी करून फळीवर टाकू नये. दिलेल्या तारखेस हजर राहावे व स्वतःचा वकील देऊन स्वतःची कैफियत दाखल करावी. मालक गैरहजर राहिला तर प्राधिकरणाच्या परवानगीने कंपनीला सर्व मुद्द्यांवर लढता येते, पण चौथ्या प्रश्नावर आपली बाजू मांडणारा कोणीच राहत नाही.

२. अपघाताची खबर कंपनीला लेखी द्यावी व पोच घ्यावी. जखमीला आधी दवाखान्यात न्यावे. कायद्यानेही ते चालकाचे कर्तव्य आहे.

३. हंगामापूर्वी चालकाच्या लायसनची प्रत घरी ठेवावी व त्याची मुदत पाहावी. पॉलिसीत ट्रॅक्टर व जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीचा उल्लेख आहे काय, वापर कोणता लिहिला आहे, हे जाणत्याकडून वाचून घ्यावे.

४. ट्रॉलीत टोळी बसवू नये. माणसांसाठी माणसांची गाडी करावी. भाडे जड वाटते, पण वरचा २०,१६,००० चा आकडा आठवावा.

५. दिवा, रिफ्लेक्टर व मागे लाल कापड यांत कुचराई नको. बैलगाडी व टायरगाडीवाल्यांनीही रिफ्लेक्टर लावावेत. त्यांना हा मोटार कायदा लागू नसला तरी धडक त्यांनाही बसते.

६. लोकअदालतीत तडजोड होत असेल तर तिचा विचार जरूर करावा. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून कंपनी किती देणार व आपल्याकडून काही वसूल करणार काय, हे कागदावर स्पष्ट झाल्याखेरीज सही करू नये.

एक गोष्ट शेवटी, पण ती कमी मोलाची नाही. आपल्यापैकी काही जण पुढे-मागे अर्जदारही होतील. रस्त्याला मालक आणि मजूर हा भेद कळत नाही. म्हणून आपल्या गाडीखाली आलेल्या माणसाच्या घरच्यांशी खोटेपणा करू नये. चालक बदलून दाखविणे, नंतरच्या तारखेचा विमा पुढे करणे, साक्षीदार पढविणे हे उलटतपासणीत उघडे पडते आणि मग खरे बोलणेही कोणी ऐकत नाही. टोळीतल्या बाईला तिच्या नवऱ्याची भरपाई मिळणे हा तिचा हक्क आहे. ती कंपनीने द्यावी, आपल्या जमिनीतून जाऊ नये, यासाठीच तर आपण दरसाल हप्ता भरतो. हप्ता भरून अट मोडणे म्हणजे बांध घालून मोरी उघडी ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा या हंगामात पहिली ट्रॉली गव्हाणीकडे निघण्याआधी पॉलिसीचा कागद पेटीतून काढावा. पुढे कधी प्रसंग आलाच, तर कंपनीचा वकील तो वाचणारच आहे. आपण तो त्याच्या आधी वाचलेला असावा.