तंबू खंदकाच्या आत की बाहेर?

२०२५ च्या दिवाळीत नगर शहरातील एका मंडळाने किल्ले बांधणी स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हाला बोलावले. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर झाले असले तरी लोकांच्या बोलण्यात अजून नगरच आहे, म्हणून आम्हीही तेच लिहितो. वकिलाला किल्ल्यातले काय कळणार, असे कोणी म्हणेल. पण अस्सल आणि नक्कल समोरासमोर ठेवून ताडून पाहणे हे तर आमचे रोजचेच काम.

त्यातच त्या वर्षीच्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले होते. त्यात आपल्या जिल्ह्यातला एकही नाही, तरीही गल्लोगल्ली उत्साह दांडगा होता. माती, विटा, गोणपाट, वर पेरलेले हळीव, कुंभाराकडून आणलेले मावळे. पोरे चिखलात बरबटलेली, आणि पोरी मात्र पाण्याच्या बादल्या वाहण्यापुरत्या! हेही आम्ही आमच्या शेऱ्यात लिहिले.

मंडळाने आमच्या हाती गुणपत्रक दिले. भव्यता ३०, सजावट व रोषणाई ३०, मूळ किल्ल्याशी साम्य २०, माहिती सांगणे २०. म्हणजे शंभरातले साठ गुण दिसण्याला! प्रतिकृतीची स्पर्धा आणि मूळ वास्तूशी साम्याला अवघे वीस. ज्याच्या बापाकडे विजेच्या माळांना पैसे आहेत त्याचा किल्ला पहिला येणार, हे गुणपत्रकानेच ठरवून टाकले होते. तसेच झाले. रंगीत दिव्यांनी लखलखणारा प्रतापगड पहिला आला. त्याच्या बुरुजावर प्लास्टिकचे बंदूकधारी सैनिक उभे होते, पाठीवर बिनतारी यंत्र घेतलेले. शिवरायांच्या गडावर बिनतारी यंत्र! आमच्या सोबतचे दुसरे परीक्षक, एक निवृत्त गुरुजी, हसून म्हणाले, "जाऊ द्या वकीलसाहेब, लेकरं आहेत."

हे "जाऊ द्या" आम्ही ध्यानात ठेवले, कारण पुढच्याच गल्लीत त्यांचा सूर बदलला.

तिथे आपल्या वस्तीतल्या पाच-सहा पोरांनी खर्ड्याचा किल्ला केला होता. जामखेड तालुक्यातला हा निंबाळकरांचा भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही. चौकोनी दगडी तट आणि भोवती खंदक. दिसायला साधा, त्यामुळे स्पर्धेत सहसा कोणी करीत नाही. पोरांनी तटाला बिस्किटाच्या खोक्यांचा पुठ्ठा वापरला होता, खंदक मात्र नीट खणला होता. दरवाजावर निळा झेंडा. आणि कोटाच्या मधोमध पांढऱ्या रुमालाचा एक तंबू, त्यावर पाटी: शिदनाक महार.

गुरुजींच्या कपाळावर आठ्या आल्या. "हे काय मध्येच? किल्ल्यात जात कशाला आणायची?" आम्ही विचारले, "गुरुजी, मघाच्या गडावरचं बिनतारी यंत्र चाललं, मग हा तंबू का खुपतो?" ते गप्प राहिले. माणूस वाईट नाही. पण किल्ल्याचे चित्र त्यांच्या डोळ्यांत पाठ्यपुस्तकाने जसे उतरवले तसेच आहे. वर सिंहासन, भोवती सरदार, संपले.

गडाच्या घेऱ्यात कोण राहत होते? चौकी-पहाऱ्याला महार, मांग, रामोशी, कोळी नेमलेले असत, हे न्यायमूर्ती रानड्यांसारख्या लेखकांनीही नोंदवले आहे, ते काही आपल्या चळवळीचे नव्हते. दगड फोडणारे वडार, घडवणारे पाथरवट, यांच्याशिवाय एक बुरूज तरी उभा राहिला असता काय? गावाची वेस राखणे हे तर महार वतनाचे काम. त्या वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले आणि कायद्याने ते वतन जायला १९५८ साल उजाडले. इतकी शतके ज्यांनी वेशी आणि दरवाजे राखले, त्यांची एक चिखलाची बाहुली आजच्या प्रतिकृतीत नाही. १९९४ साली जपानमधील नारा शहरात वारशाच्या अस्सलपणावर एक दस्तऐवज तयार झाला. वास्तूचा आकार आणि साहित्य याबरोबरच तिचा वापर, परंपरा, परिसर हेही अस्सलपणाचे पुरावे म्हणून पाहता येतात, असे तो सांगतो. मग वापरणारी आणि राखणारी माणसे वगळून केलेले साम्य हे अर्धेच साम्य, असे आमचे म्हणणे आहे.

आम्ही पोरांना विचारले, खर्डाच का निवडला? सातवीतला एक म्हणाला, "काका, तिथं आपल्या एका दादाला मारलं होतं ना." २०१४ साली खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, हे वाचकांना सांगायला नको. पोराला खर्डा आधी त्या खुनामुळे माहीत झाला. १७९५ त्याला नंतर कळले, घरातल्या आजोबांकडून.

आता आमची खरी पंचाईत. पोरे आपली, विषय आपला, मन म्हणत होते द्या भरभरून गुण. पण तंबू चुकला होता. ११ मार्च १७९५ च्या लढाईनंतर खर्ड्याच्या कोटात अडकून पडला तो निजाम. मराठ्यांची फौज बाहेरून वेढा देऊन होती. शिदनाकाचा तंबू आपल्या तंबूंजवळ नको म्हणून काहींनी तक्रार केली, हिरोजी पाटणकरांनी ती धुडकावली आणि शिदनाकाने रणात परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचवला, अशी जी हकीकत सांगितली जाते, ती छावणीतली आहे. म्हणजे तंबू खंदकाच्या बाहेर हवा. निळा झेंडाही १७९५ चा नव्हे.

आम्ही हे सांगताच तो सातवीतला पोरगा उसळून म्हणाला, "म्हणजे आम्ही परत बाहेरच का, काका?"

क्षणभर आम्हाला उत्तर सुचले नाही. मग त्याला खाली बसवून खंदकाच्या कडेने बोट फिरवत दाखवले. आत कोंडला गेला तो हरलेला, बाहेर उभे होते ते जिंकलेले. इथे बाहेर असणे हाच मान होता. त्याला किती पटले कोण जाणे.

साम्याचे वीसपैकी बारा दिले. प्रतापगडाला त्याच रकान्यात सात. आमच्या कागदावर पहिला होता अकोले तालुक्यातला रतनगड, निव्वळ मातीचा, नेढे बरोबर जागी असलेला, दुसरा खर्डा. गुरुजींचे गुण मिळवल्यावर खर्डा चौथा गेला. आपल्या पोरांना आपणच गुण कापले म्हणून दोन कार्यकर्ते आमच्यावर रागावले. पण चूक झाकून दिलेले बक्षीस उलटतपासणीत टिकत नाही. उद्या कोणी तंबूची जागा चूक म्हणून दाखवील आणि त्यासोबत शिदनाकालाच खोटा ठरवील, तेव्हा हे कार्यकर्ते कोणता पुरावा पुढे करणार होते?

मंडळाला आम्ही लेखी दिले आहे. साम्याला चाळीस गुण करा, रोषणाईचे दहावर आणा आणि एक नवा रकाना घाला: किल्ला कोणी बांधला, कोणी राखला हे दाखवले आहे काय? उत्तर अजून आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. तंबू खंदकाबाहेर आला होता, शेजारी आणखी चार तंबू मांडले होते आणि पाटीवर तारीख घातली होती. निळा झेंडा मात्र होता तिथेच होता.