गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला खरे उत्तर, हीच लहान धंद्याची जाहिरात!

गेल्या वर्षी एक ताई नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. नाचणीसत्त्व, थालीपिठाची भाजणी, मेतकूट घरी करून विकायचे, हा त्यांचा आठ वर्षांचा धंदा. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी एका एजन्सीला महिना पाच हजार रुपये देऊन 'कन्टेंट मार्केटिंग'चे काम दिले. एजन्सीतल्या पोराने कुठून तरी मजकूर उचलला आणि ताईंच्या नावाने टाकून दिला, 'आमच्या नाचणीसत्त्वाने मधुमेह मुळापासून बरा होतो!' ताईंनी तो वाचलासुद्धा नव्हता. तक्रार झाली तेव्हा एजन्सीने हात वर केले. नोटीस मात्र ताईंच्या नावावर!

अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ५३ प्रमाणे खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोबाईलवर टाकलेला मजकूरही कायद्याच्या नजरेत जाहिरातच असतो. रोग बरा करण्याचे दावे रोखणारा १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा तर वेगळाच. त्याच्या यादीत मधुमेहाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. दिवसाला पंधरा किलो पीठ विकणाऱ्या बाईने एवढे ओझे कशाच्या बळावर पेलायचे?

मग हे कन्टेंट मार्केटिंग म्हणजे लुबाडणूकच काय? तसे मुळीच नाही. कल्पना चांगली आहे, जुनीही आहे. 'माझा माल घ्या' असे ओरडण्याऐवजी गिऱ्हाइकाच्या उपयोगाची माहिती द्यायची. माहितीतून विश्वास बसतो आणि विश्वासातून माल विकला जातो. फ्रान्समधील मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी एक पुस्तिका फुकट वाटली. पेट्रोल कुठे मिळेल, गाडी कुठे दुरुस्त होईल, मुक्काम कुठे करावा, अशी माहिती तिच्यात होती. लोक गाडीने जास्त फिरले की टायर जास्त झिजणार, हा त्यामागचा साधा हिशेब!

मिशेलिनकडे भांडवल होते, आमच्याकडे कुठे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरे उदाहरण देतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मार्कस शेरिडन आणि त्यांचे भागीदार घरांच्या अंगणात पोहण्याचे तलाव बसवून देण्याचा धंदा करीत. २००८ च्या मंदीत तो बुडायच्या बेतात आला. जाहिरातीला पैसा उरला नाही. तेव्हा शेरिडन यांनी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे विचारीत असलेले प्रश्न कागदावर उतरवले आणि एकेकाचे उत्तर आपल्या संकेतस्थळावर लिहायला सुरुवात केली. पहिला प्रश्न अर्थातच, खर्च किती येतो? त्या धंद्यातले लोक हेच सांगायचे टाळत. शेरिडन यांनी खर्च कशाने वाढतो, कशाने कमी होतो, ते सरळ लिहिले. आपल्या प्रकारच्या तलावात कोणते दोष असतात, तेही लपवले नाही. त्या खर्चाच्या एका लेखातूनच पुढे दहा लाख डॉलरहून अधिक विक्री झाल्याचा हिशेब त्यांनी मांडला आहे. धंदा वाचला तो पैशाने नव्हे, खरे बोलण्याने!

आता आपल्याकडे पाहू. गॅरेजवाल्याला रोज विचारतात, पावसात गाडी चालू का होत नाही? शिलाईवालीला विचारतात, ब्लाऊजला किती कापड लागेल? भाजणीवालीला विचारतात, पीठ किती दिवस टिकते, कडू का लागते? या प्रश्नांची उत्तरे एजन्सीच्या पोराकडे आहेत काय? ती तुमच्या हातात आहेत, तुमच्या वर्षांच्या कष्टात आहेत. हेच तुमचे भांडवल आहे आणि ते कोणत्याही बँकेच्या दारात उभे राहून मागावे लागत नाही.

म्हणून धंदा करणाऱ्या प्रत्येकाने एक वही करावी. गिऱ्हाईक जे विचारील ते त्याच्याच शब्दांत लिहावे. आठवड्याला एका प्रश्नाचे उत्तर आपल्या बोलीत द्यावे. लिहायला जमत नसेल तर दोन मिनिटे बोलून चित्रफीत करावी. भाव सांगायला लाजू नये. जे आपल्याकडे होत नाही, तेही सांगावे. मात्र दुसऱ्याचा फोटो वा मजकूर उचलू नये, कारण कॉपीराइटचा कायदा लहान दुकानदारालाही लागू आहे. गिऱ्हाइकाचा फोटो वा अभिप्राय त्याला विचारल्याशिवाय छापू नये. आणि काम दुसऱ्याला दिलेच, तर आपण वाचून होकार दिल्याशिवाय एक ओळही बाहेर जाऊ देऊ नये. तशी अट कागदावर लिहून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. ज्यांनी आपले सारे गिऱ्हाईक तिथेच जमवले होते, त्यांची कमाई थांबली. बंदी योग्य की अयोग्य, हा मुद्दा येथे नाही. परक्याच्या जागेवर दुकान थाटले की उठवले जाण्याची तयारी ठेवावी लागते, हा धडा आहे. यूट्यूब, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप जरूर वापरा. पण गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर, त्याच्या संमतीने, आपल्या वहीत असले पाहिजेत.

ताईंनी तो मजकूर ताबडतोब काढला, लेखी खुलासा दिला, एजन्सी बंद केली. आता त्या स्वतः लिहितात. पहिल्याच मजकुरात त्यांनी लिहिले की, नाचणीसत्त्व हे औषध नव्हे, खाणे आहे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. अशाने गिऱ्हाईक पळेल, अशी घरच्यांना भीती होती. उलट दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला, "तुम्ही खरे सांगितले, म्हणून तुमच्याकडूनच घेते."

ज्याच्याकडे पैसा आहे तो जाहिरात विकत घेईल. ज्याच्याकडे नाही, त्याने खोटे विकत घेऊ नये. खरे बोलायला पाच हजार रुपये लागत नाहीत!